पचमढीचा एक दिवस: सपाट नागपुरातून जाणाऱ्यांसाठी चढ-उताराचा हिशेब

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स सोडले तर जवळपास सपाट. पचमढी १०६७ मीटरवर आहे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा उन्हाळ्यात सरकारचा मुक्काम पचमढीला हलायचा. नागद्वाराच्या आणि महादेवाच्या यात्रेमुळे विदर्भातल्या घराघरात या गावाचं नाव आजही आहे. तरी पहिल्यांदा फिरायला जाणाऱ्यांची फसगत बहुतेक एकाच ठिकाणी होते. डोंगरावरचं गाव म्हणजे वर चढायचं, असं मनात धरून माणूस जातो, आणि तिथे तर आधी उतरायचं असतं.

पचमढी गाव पठारावर आहे. बाजार, चर्च, छावणीचे रस्ते यांवर चालताना दम लागत नाही. बघायच्या जागा मात्र या पठाराला चिरत गेलेल्या दऱ्यांमध्ये आहेत. धबधबा खाली, जटाशंकरची घळ खाली, डोह खाली. उतरताना पाय ताजे असतात, हवा गार असते, फोटो काढत माणूस सहज तळाला पोहोचतो. चढायचं असतं ते नंतर, भिजलेल्या कपड्यांत आणि उपाशी पोटी. दिवसातून असं तीनदा झालं की संध्याकाळी धूपगडावर सूर्य बुडताना लोक जिप्सीत, म्हणजे भाड्याच्या जीपमध्ये, झोपलेले सापडतात. म्हणून पचमढीची आखणी ‘किती पॉइंट’ यावर न करता ‘किती चढ’ यावर करा.

आधी चढ मोजा

सगळ्यात मोठा चढ चौरागडचा, म्हणजे डोंगरावरच्या देवळाचा. बडा महादेवाच्या गुहेपासून एका बाजूने साडेतीन ते चार किलोमीटर, त्यात साधारण तेराशे पायऱ्या. मधले चढ दोन: बी फॉल, म्हणजे जमुना प्रपात, आणि अप्सरा विहारचा डोह–रजत प्रपात. जटाशंकर आणि पांडव लेणी लहान चढांत मोडतात. हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट, राजेंद्रगिरी आणि धूपगड इथे चढ जवळपास नाहीच, कारण गाडी किंवा जिप्सी टोकापर्यंत जाते. धूपगड सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, सुमारे १३५० मीटर, पण पायांच्या दृष्टीने ते सर्वांत सोपं आहे.

नियम असा: एका दिवसात एक मोठा चढ, एक मधला, आणि बाकी सगळं बिनचढाचं. दोन मधले चढ एका दिवशी घ्यायचे असतील तर चौरागड सोडा. घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मोठा चढ वगळून बडा महादेव, प्रियदर्शिनी, हांडी खोह आणि धूपगड असा दिवस काढा. त्यांनाही पचमढी पूर्ण भेटते आणि गुडघ्यांना त्रास होत नाही.

तीन आठवडे आधीची तयारी

हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठताना त्याची किंमत मोजतात. साध्या इमारतीत एका मजल्याला वीसेक पायऱ्या असतात. चार मजली इमारत तळापासून वरपर्यंत एकदा चढलात की ऐंशी झाल्या. म्हणजे चौरागड हा सोळा फेऱ्यांचा मामला. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड चार फेऱ्या, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात बारा. वर गेल्यावर लिफ्टने खाली येऊ नका. मांड्या दुखतात त्या चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त, कारण उतरताना शरीराचं सगळं वजन मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणून धरावं लागतं. या स्नायूंना सवय नसली की दोन दिवस जिना उतरणं नकोसं होतं.

एखाद्या रविवारी रामटेकला जाऊन अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्यांनी गड चढा आणि उतरा. तिथे बूट कुठे लागतात, पाणी किती लागतं, घरातलं कोण मागे पडतं, हे सगळं कळतं. निघण्याआधीचे तीन-चार दिवस मात्र पायांना पूर्ण विश्रांती.

बूट नवे नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत. तळव्याची नक्षी झिजली असेल तर ते घरी ठेवा, कारण पचमढीचा वालुकाश्म ओला आणि शेवाळलेला असला की साबणासारखा घसरतो. पायाची नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापा. लांब नखं उतारावर बुटाच्या टोकाला आदळून काळीनिळी होतात.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पायी फिरण्याचा काळ. ऑक्टोबरमध्ये धबधब्यांना भरपूर पाणी असतं आणि वाटा सुकलेल्या असतात, म्हणून आमच्या मते तोच सर्वांत चांगला महिना. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा बराच खाली येतो, नागपूरची थंडी सोसणाऱ्यालाही कानटोपी लागते. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला टेकलेलं असताना पचमढी बरीच सुसह्य असते, पण बारा ते चार चढ घेणं तेव्हा तिथेही चुकीचंच, आणि धबधबे रोडावलेले असतात. पावसाळ्यात दऱ्या सुंदर दिसतात, वाटा धोक्याच्या होतात आणि धुक्यात पॉइंटवरून काहीच दिसत नाही असंही होतं.

नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वार यात्रेचे आणि महाशिवरात्रीचे दिवस चौरागडच्या यात्रेचे. यात्रेसाठी जात असाल तर गोष्ट वेगळी. नुसतं फिरायला जाणाऱ्याने हे दिवस टाळावेत, कारण तेव्हा वाटेवर पहिला हक्क खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणाऱ्या भाविकांचा असतो. दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ ते ३१ डिसेंबर या काळात जिप्सी मिळणं मुश्कील. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी मंगळवार-बुधवार मिळाले तर घ्याच.

नागपूरहून पोहोचणं

रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून सहा-सात तास. सकाळी सातला निघालात तर दुपारी दोनपर्यंत पोहोचता. सौंसरजवळ जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं देऊळ आहे, पहिला थांबा तिथे घेतला तर चहा आणि दर्शन दोन्ही होतं. छिंदवाड्याआधी सिल्लेवानीचा घाट लागतो, तामियाजवळ दुसरा, आणि मटकुलीला देनवा नदी ओलांडली की पचमढीचा शेवटचा घाट. पेट्रोल-डिझेल छिंदवाड्यात भरून घ्या, पुढच्या भरवशावर राहू नका.

घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर तीन गोष्टी पाळा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतारावर ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. आणि वळणाआधी हॉर्न वाजवा, वळणात शिरल्यावर नव्हे. ज्यांना गाडी लागते त्यांनी छिंदवाड्याला भरपेट जेवू नये. दोन संत्री आणि थोडे फुटाणे पुरतात. पुढच्या सीटवर बसायचं, नजर दूर रस्त्यावर, मोबाइल बंद.

रेल्वेने जायचं तर स्टेशन पिपरिया, इटारसी–जबलपूर मार्गावरचं. नागपूरहून इटारसीला गाडी बदलून जाता येतं. पिपरियाहून पचमढी पन्नासेक किलोमीटर, बस आणि शेअर जीप मिळतात. अंधार पडल्यावर पिपरियाला उतरणं टाळा.

आदल्या संध्याकाळची कामं

पोहोचल्यावर आंघोळ करून लोळत पडू नका. दिवस नीट जाणार की नाही हे याच दोन तासांत ठरतं.

पचमढीच्या भोवतीचं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे बी फॉल, अप्सरा विहार–रजत प्रपात, धूपगड अशा जागांसाठी वनखात्याचं परमिट लागतं आणि तिथे खासगी गाडी चालत नाही, नोंदणी असलेली जिप्सीच लागते. महादेव, हांडी खोह, प्रियदर्शिनी, जटाशंकर, पांडव लेणी इथे स्वतःच्या गाडीने जाता येतं. परमिटची खिडकी बायसन लॉजपाशी. १८६२ मध्ये बांधलेली ही वास्तू गावातल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी आहे, आत छोटं संग्रहालय आहे. शुल्क आणि वेळा बदलत राहतात, म्हणून संध्याकाळी स्वतः जाऊन चार गोष्टी विचारा: परमिट किती वाजल्यापासून मिळतं, उद्या कोणता पॉइंट बंद आहे का, धूपगडाला शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि महादेवाच्या रस्त्यावरचा नाका सकाळी कधी उघडतो. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रतीसह बरोबर हवीत.

जिप्सी ठरवताना ‘फुल डे’ ठरवू नका. सकाळ तुमची स्वतःच्या गाडीने महादेवाकडे जाणार आहे, जिप्सी फक्त दुपारी दोन ते संध्याकाळी धूपगडावरून परत येईपर्यंत हवी. ठरवताना पॉइंटची नावं मोजून घ्या, कारण ‘सगळे पॉइंट’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक चालकाचा वेगळा असतो. परमिटचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, धूपगडावर सूर्यास्तापर्यंत थांबणार की नाही, हे दोन प्रश्न आधीच विचारले की वाद होत नाही. स्वतःची गाडी नसेल तर सकाळसाठी महादेवापर्यंत टॅक्सी वेगळी सांगा.

रोख पैसे जवळ ठेवा, त्यात दहा-वीसच्या नोटा भरपूर. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, तिथे फोनवरून पैसे देता येत नाहीत.

पिशवी माणशी एक, पाठीवरची. त्यात: दीड लिटर पाणी, ओआरएसची एक पुडी, दोन संत्री, मूठभर गूळ-शेंगदाणे, दोन दशम्या किंवा पराठे, छोटा टॉवेल, मोज्यांचा जादा जोड, बारकी टॉर्च. ओआरएसच्या पुडीवर किती पाण्यात घालायची ते लिहिलेलं असतं, मोठी पुडी बहुधा एक लिटरची असते. अर्ध्या बाटलीत सगळी पुडी ओतली तर ते पाणी फार खारं होतं आणि फायद्याऐवजी मळमळ होते. खाण्याचं काहीही हातात किंवा पारदर्शक पिशवीत नको. माकडांना प्लॅस्टिकचा आवाज ओळखीचा आहे आणि ती पिशवी ओढतात, पट्ट्यासकट.

सकाळ: चौरागड

खालच्या वेळा नोव्हेंबर-जानेवारीच्या आहेत. तेव्हा सूर्य साडेसहा-सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. उन्हाळ्यात सकाळचं सगळं तासभर अलीकडे घ्या, संध्याकाळचं तासभर पुढे.

पाच वाजता उठा, चहा-बिस्किटं घ्या, पोटभर नाश्ता नको. सहाला निघालात की दहाएक किलोमीटरवरच्या महादेवाला साडेसहापर्यंत पोहोचता. चांगलं उजाडेपर्यंत चढायला सुरुवात करू नका. हे वाघ-अस्वलांचं जंगल आहे, अंधारात चालण्याची जागा नाही. तिथल्या दुकानात बांबूची काठी मिळते, ती घ्याच. माणशी एक. तरुण पोरं लाजतात, पण काठीचा उपयोग उतरताना आहे आणि तेव्हा तेच मागतात.

वाटेचा पहिला भाग जंगलातून वर-खाली जातो. इथे जोरात चालण्याचा मोह होतो, कारण पाय ताजे असतात आणि हवा गार. तो आवरा. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य मधेच तुटत असेल तर वेग जास्त आहे. पुढे पायऱ्यांचा खरा चढ सुरू झाला की शंभर पायऱ्या, मग एक मिनिट उभं राहणं. बसायचं नाही, बसलं की पाय जड होतात. शंभर पायऱ्यांना तीन मिनिटं धरली तर तेराशेला विश्रांतीसकट साधारण बावन्न मिनिटं. सुरुवातीची वाट मिळून पावणेदोन तासांत, म्हणजे साडेआठच्या आत, वर पोहोचता. दर दोनशे पायऱ्यांना तीन-चार घोट पाणी. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

वर देवळाभोवती त्रिशुळांचे ढीग आहेत, पिढ्यान्पिढ्यांच्या नवसांचे. काही त्रिशूळ दोघांनी धरूनही जड जातील असे. कोणीतरी ते त्याच पायऱ्यांवरून खांद्यावर आणले, हे आपल्या पायांना कळत असताना ते दृश्य वेगळंच दिसतं. अर्धा तास वर थांबा. घाम वाऱ्याने पटकन गार होतो, म्हणून पोहोचताच स्वेटर अंगात घाला. दशमी इथे खा.

उतरताना घाई करणारेच घसरतात. पाऊल आडवं, गुडघा किंचित वाकवलेला, काठी आधी खालच्या पायरीवर टेकवायची आणि मग पाय. बुटाची नाडी उतरण्याआधी घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. गुडघा आतून टोचायला लागला तर पायऱ्या तिरक्या, नागमोडी उतरा.

सव्वादहापर्यंत तुम्ही परत खाली असता. आता बडा महादेव: गुहेत पाणी ठिबकत असतं, जमीन ओली, अनवाणी जपून चाला. समोरच्या बाजूला गुप्त महादेव आहे, एका अरुंद कपारीत. तिथे आडवं होऊन सरकत जावं लागतं आणि एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. पाठीवरची पिशवी बाहेर कोणाकडे तरी ठेवा. अंगाने जाड असलेल्यांनी आणि बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा, कारण अर्ध्यात अडकलं की मागच्या सगळ्यांना उलटं यावं लागतं.

परतीच्या रस्त्यावर प्रियदर्शिनी, म्हणजे पूर्वीचा फोर्साइथ पॉइंट, आणि हांडी खोह ही दोन्ही लागतात. दोन्हींना वीस-वीस मिनिटं. हांडी खोहच्या कड्यावर कठड्याच्या आत राहा. बाहेरचा खडक वरून घट्ट दिसतो, पण वालुकाश्माच्या कडा सुटतात.

दुपार: जेवण, झोप, आणि एकच धबधबा

साडेबारापर्यंत मुक्कामी. जेवण साधं: वरण-भात, पोळी, दही. पचमढीच्या बाजारात जेवण चमचमीत मिळतं आणि नागपूरकराला तिखटाची सवय असते, तरी सावजी थाटाचं काही या दुपारी नको, पुढे अजून एक चढ आहे. जेवल्यावर पाऊण तास आडवं व्हा, पायाखाली उशी. हा पाऊण तास वाचवून आणखी एक पॉइंट करण्याची कल्पना गटातलं कोणीतरी मांडतंच. ऐकू नका.

दोनला जिप्सी. बी फॉल की अप्सरा विहार, एकच निवडा. बी फॉलला पायऱ्या सलग आणि उभ्या आहेत. खाली थेट धारेखाली उभं राहता येतं, म्हणून गर्दीही तिथेच. हेच पाणी गावाला प्यायला जातं, तेव्हा साबण, शाम्पू आणि खाण्याची पाकिटं नकोत. सकाळी चौरागड केलेल्यांनी अप्सरा विहार घ्यावा असं आमचं मत. उतार सौम्य आहे, डोह उथळ आहे आणि तिथून थोडं चालत गेलं की रजत प्रपात दिसतो. १०७ मीटरची ती धार समोरच्या कड्यावरून बघायची असते, खाली उतरायचं नसतं. डोहात उतरताना बूट काढून मोज्यांवर उतरा. शेवाळावर अनवाणी पायापेक्षा मोजा जास्त धरतो. मग कोरडे मोजे घाला. ओल्या मोज्यांनी परतीचा चढ चढला की टाचेला फोड येतोच.

पावणेचारला डोहातून निघायचं म्हणजे निघायचं. चढून जिप्सीपर्यंत यायला अर्धा तास जातो, आणि धूपगडाचा नाका कोणासाठी थांबत नाही.

संध्याकाळ: धूपगड

पाचच्या आत वर पोहोचा. माथ्यावर सूर्योदयाची बाजू वेगळी, सूर्यास्ताची वेगळी. गर्दी सूर्यास्ताच्या बाजूला जमते, म्हणून आधी दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं जाऊन या. तिथे शांत असतं आणि सकाळी चढलेली चौरागडची बाजू कोणती ते चालकाला विचारून घेता येतं. सूर्य गेल्यावर पाच मिनिटांत बोचरा वारा सुटतो, स्वेटर जिप्सीत ठेवून येऊ नका. उतरण्याआधी आपल्या जिप्सीचा नंबर कागदावर लिहून ठेवा किंवा तिचा फोटो काढा. अंधारात तिथे पन्नास सारख्या जिप्सी उभ्या असतात आणि चालकाचा फोन लागत नाही.

रात्री कोमट पाण्याच्या बादलीत मीठ टाकून पाय दहा मिनिटं बुडवा, मांड्या आणि पोटऱ्या खालून वर चोळा, आणि दोन ग्लास पाणी पिऊनच झोपा. रात्री पोटरीत गोळा आला तर पायाचे चवडे अंगठ्याला धरून आपल्याकडे ओढा, मिनिटभरात सुटतो.

दुसरा दिवस, अर्धाच

दुखऱ्या पायांना पूर्ण विश्रांती देण्यापेक्षा थोडं चालवणं बरं. जटाशंकर बाजारापासून जवळ आहे. दोन उभ्या कड्यांच्या चिंचोळ्या घळीत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, सकाळी आठच्या आधी गेलात तर तिथला गारवा आणि पाण्याचा आवाज दोन्ही मिळतात. मग पांडव लेणी. गुडघा दुखत असेल तर खालच्या बागेतूनच बघा.

बाराच्या आत गाव सोडा. तामियाला दरीच्या काठावर एक थांबा घ्या, आणि हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते हे लक्षात ठेवून सिल्लेवानीचा घाट उजेडात उतरा. दर दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटं पाय मोकळे करा. नाहीतर सावनेरला चहासाठी उतरताना मांड्या इतक्या आखडलेल्या असतात की दाराला धरूनच उभं राहावं लागतं.